काकूंच्या नावाची काचपट्टी

डाव्या हाताची अनामिका. नोकरीची बावीस वर्षं मी लोकांच्या या एका बोटाशी काम करत आलो. करंगळीशेजारचं हे बोट कामात कमी येतं, कातडी मऊ असते, सुई फारशी दुखत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. सांगणाऱ्यांनी उसाचं पाचट ओढणाऱ्या आणि डाळिंबाच्या काट्यात हात घालणाऱ्या बायकांची बोटं पाहिली नसावीत. एकेका बोटावर सुई अशी थबकते की वाटतं, दार ठोठावतोय आणि आत कुणी नाही.

मी आरोग्यसेवक आहे. राहायला बारामतीत, काम इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठच्या वाड्यावस्त्यांवर. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, पाण्याच्या टाक्यांत डासांच्या अळ्या आहेत का बघायचं, आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून सही करायची. ताप असेल त्याचं बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं. ती काच आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत जाते. तिथल्या मॅडम तिला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि हिवतापाचा परजीवी रक्तात आहे की नाही ते सांगतात.

हे काम मला आवडतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस कंटाळलेला होता. तसं नव्हतं. सकाळी कालव्याच्या भरावावरून मोटरसायकल घातली की दोन्ही अंगांना ऊस, मधूनच पेरूच्या बागांचा वास. घरोघरी चहा. माणसं मला डॉक्टर म्हणतात. मी नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. एका वस्तीवरची म्हातारी मला पाहिलं की सुनेला हाक मारते, रगत प्यायला आलं बघ, चहा टाक. तिचं म्हणणं, डास परवडला, तो निदान वहीत नाव लिहून घेत नाही. मी हसतो आणि वहीत तिचं नाव लिहितो.

पण ज्या कामावर आपण खूश असतो, त्यातही माणूस चोरी करतो.

महिन्याला अमुक इतके रक्तनमुने झाले पाहिजेत, असं आम्हाला ठरवून दिलेलं असतं. उन्हाळ्यात ताप फारसा नसतो. वस्त्यांवर फिरून रिकाम्या हाताने यावं लागतं. अशा एका महिन्याच्या शेवटी मी उपकेंद्रात एकटाच बसलो होतो. पंख्याखाली बसून स्वतःच्या अनामिकेला सुई टोचली, त्या थेंबात तीन काचा केल्या आणि वहीत किरकोळ ताप म्हणून लिहिलेली, पण टोचायची राहिलेली तीन नावं त्यांवर घातली. मनाशी म्हणालो, उन्हाळ्यात कुणाला मलेरिया होतोय. कुणाचं काही बिघडलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केलं. मग ते कधीतरी करायचं राहिलं नाही, महिनाअखेरीला होऊ लागलं. प्रयोगशाळेतल्या मॅडम एकदा सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या भागातली माणसं सगळी एकाच आईची दिसतात हो. काय एकसारखं ठणठणीत रक्त!" मी त्यांच्याबरोबर हसलो. त्यांना कळलं होतं की त्या सहज बोलल्या, हे मी आजवर विचारलेलं नाही.

ज्या वर्षाबद्दल लिहितोय, ते फार जुनं नाही. पाऊस उघडला होता आणि पेरूच्या बागांत फळांना पिशव्या घालायचं काम जोरात होतं. प्रत्येक फळाला आधी फोमची जाळी, वरून प्लॅस्टिकची पिशवी. माझ्या हद्दीतल्या शेवटच्या वस्तीवर तात्या आणि काकू राहतात. माझं त्यांच्याशी नातं काही नाही, पण बावीस वर्षं त्यांच्या ओसरीवर चहा प्यालोय. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा पुण्यात. बाग दोघंच बघतात. तात्या बोलतात, काकू काम करतात, अशी वाटणी.

त्या दिवशी काकू काम करत नव्हत्या. फोमच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी, भर उन्हात, वाकळ पांघरून बसल्या होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. तात्यांनी सांगितलं, एक दिवस थंडी वाजून ताप येतो, घाम फुटून उतरतो, दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा बागेत. मी बोट टोचलं, काच केली आणि जवळच उपड्या घातलेल्या पेरूच्या क्रेटवर वाळत ठेवली.

रक्त वाळायला थोडा वेळ लागतो. तो वेळ काचेजवळ बसून काढायचा असतो. तेवढंच तर काम. पण तात्यांनी गुळाचा चहा दिला, मग म्हणाले चला, नवीन शेततळं दाखवतो. शेततळं दाखवताना तात्या थांबत नाहीत. खोदाई, तळाला अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, मोटार, सगळं झालं. परत आलो तेव्हा घाई झाली होती. काच न बघताच कागदात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि निघालो.

संध्याकाळी उपकेंद्रात नंबर घालायला म्हणून कागद उलगडला. काचेवर रक्त नव्हतं. कडेला तांबूस रेघ तेवढी उरली होती, आणि कागदाच्या घडीत दोन मुंग्या. पेरूचं क्रेट, गोडाचा वास, तिथं मुंग्यांची रांग असणारच. त्यांनी काच चाटूनपुसून साफ केली होती. मुंग्या आणि माश्या ओलं रक्त खातात, म्हणून काच राखावी लागते, हे मी नवीन मुलांना शिकवत असे.

परत जायचं तर अर्ध्या तासाची वाट होती. इथं मला एखादं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी आजारपण होतं, मुलाची परीक्षा होती, असं काही. काही नव्हतं. पाय भरून आले होते, इतकंच. आणि बोटाला सवय होती. मी माझी अनामिका टोचली, नवी काच केली आणि तिच्यावर काकूंचा नंबर घातला.

चौथ्या दिवशी निकाल आला, रक्तात काही नाही. कसं असणार? मी तात्यांना फोन करून सांगितलं की मलेरिया नाही, व्हायरल असेल, ताप राहिला तर डॉक्टरांना दाखवा. सांगताना आवाज अडखळला नाही. हेच आज जास्त लागतं.

पंधरा दिवसांनी फेरीला गेलो. लांबूनच दिसलं की बागेत अर्ध्या फळांना पिशव्या नाहीत. काही फळं किडून खाली पडलेली. आत गेलो तर काकू खाटेवर होत्या. गालाची हाडं वर आली होती, ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हातांवर सलाईनच्या सुयांचे निळे डाग. तात्यांनी एका दमात सगळं सांगितलं. बारामतीच्या डॉक्टरांनी टायफॉईडचं औषध दिलं, सलाईन लावल्या. ताप जातो आणि येतो. रक्त कमी झालंय, प्लीहा सुजलीय. त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मलेरियाचंच विचारलं होतं, पण तात्यांनी सांगितलं, ते झालंय तपासून, सरकारी माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, त्यात काही नाही. मग डॉक्टरांनी तो विषय सोडला. आता रक्ताचाच काही मोठा आजार असेल म्हणतात, उद्या सकाळी पुण्याला न्यायचं आहे, मुलगा गाडी घेऊन येतोय.

कॅन्सर हा शब्द तात्यांनी उच्चारला नाही, मोठा आजार एवढंच पुन्हा म्हणाले.

मला तेव्हाच कळलं. एक दिवसाआड थंडी, ताप, घाम. हे ओळखायला सूक्ष्मदर्शकसुद्धा लागत नाही. आणि पुण्याला गेल्यावर पहिल्याच माणसाला तात्या पुन्हा तेच सांगणार होते: मलेरियाचं झालंय तपासून.

तरीही मी आधी पळवाटच शोधली. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच घडलं. मी पिशवीतून सुई काढली आणि सहज म्हणावं तसं म्हणालो की पुण्याला जाण्याआधी अजून एकदा काच करून बघू, एवढ्यातेवढ्यात होऊन जाईल. दुसऱ्या काचेत सापडलं असतं तर पहिलीचं कुणी विचारलं नसतं. कधीकधी पहिल्या वेळी दिसत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नाही.

काकूंनी दोन्ही हात वाकळेत ओढून घेतले.

"एकदा दिलंय की," त्या म्हणाल्या. "बघितलं, न्हाय निगालं. आता कितीदा टोचताय? रगत तरी राहिलंय का अंगात?"

मी म्हणालो, थेंबभरच लागेल. त्या नाही म्हणाल्या. तात्याही म्हणाले, राहू द्या हो, सकाळपासनं दोनदा सुई झालीय तिला, रडली ती. मी आणखी एकदा विनवलं. काकूंनी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचं चुकत नव्हतं. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच त्या हात देत नव्हत्या. पहिली काच खरी होती ना त्यांच्या लेखी.

मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो.

"काकू," मी म्हणालो, "ती काच तुमची नव्हती. तुमचं रक्त मुंग्यांनी खाल्लं. मी माझं घातलं."

मागं गोठ्यात गाय खुराकाच्या पाटीला तोंडाने ढकलत होती, तो आवाज येत होता. मग मी सगळं सांगितलं. क्रेट, शेततळं, न बघता गुंडाळलेला कागद, संध्याकाळ. सांगताना तात्यांकडे बघितलं नाही. ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं काठी आणायला गेले. आणली असती तर मी उठलो नसतो.

काकूंनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"मुंग्यांनी खाल्लं, तर तवाच येऊन सांगायचं," त्या म्हणाल्या. "मुंग्यांवर कोन रागावतंय व्हय?"

आणि वाकळेतून डावा हात बाहेर काढला.

ते बोट मी इतक्या वर्षांत कधी पकडलं नसेल इतकं जपून पकडलं. थेंब आला तो फिका होता. काच केली आणि यावेळी हातातच धरून बसलो, वाळेपर्यंत. काकूंनी विचारलं, असं धरून बसावं लागतं का? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग शेततळं बघाया कशाला गेला होता, आमच्या म्हाताऱ्याला काय, शेततळं दाखवायला मानूस पायजेच असतंय. मला हसूही येईना आणि रडूही.

बाहेर तात्या शेततळ्याच्या काठावर पाठमोरे बसलेले दिसले. मी त्यांना सांगितलं की दोन तासांत फोन करतो, तोवर पुण्याचं काही ठरवू नका. त्यांनी मान वळवली नाही.

आरोग्य केंद्रात पोचलो तेव्हा मॅडम जेवायला निघाल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी डबा खाली ठेवला. काच रंगवली, धुतली, वाळवली. मी त्यांच्या मागं उभा होतो. त्या काच सरकवत राहिल्या, मग थांबल्या आणि खुर्चीवरून उठून मला म्हणाल्या, बघा.

इतकी वर्षं मी काचा करून देत होतो, पण स्वतः असं बघायची वेळ क्वचित आली होती. गुलाबी तांबड्या पेशी पसरलेल्या, त्यात एक पेशी इतरांपेक्षा फुगलेली, आणि तिच्या आत निळी अंगठी. अंगठीला लाल खडा. नाजूक, बारीक, कुणी सोनाराने घडवल्यासारखी. दुसरीकडे आणखी एक. मग पसरट, हातपाय फुटल्यासारखी एक. एवढ्याशा गोष्टीने काकूंची हाडं वर आणली होती. पण मला आठवतं ते असं की मला आनंद झाला. मोठा आजार नव्हता. हा तोच होता, माझ्या ओळखीचा, गोळ्यांनी मरणारा.

तात्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि ठेवला.

त्यानंतर मी डॉक्टरांच्या, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. काकूंचंच नव्हे, उन्हाळ्यातल्या महिनाअखेरींचंही. वयाने ते माझ्या पुतण्याएवढे. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, ओरडलेही नाहीत. म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. त्याची रीतसर नोटीस आली, माझ्या नोंदीत शेरा पडला, तो आजही आहे आणि असायलाच हवा. ती जुनी नावं घेऊन मी पुढचे दोन महिने घरोघर फिरलो, ज्यांना तेव्हा ताप होता त्यांना विचारत. कुणाला काही झालं नव्हतं. ते नशीब. त्यात माझं काही नाही.

काकूंना त्या दिवशी केंद्रात आणून डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या. पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातला परजीवी मारतात. पण हा प्रकार यकृतात दडी मारून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी दुसरी गोळी, रोज एक, चौदा दिवस. लोक ताप उतरला की ती सोडून देतात, म्हणून आपल्या डोळ्यांसमोर द्यायची. ते काम मी मागून घेतलं.

चौदा दिवस सकाळी मी त्या ओसरीवर गेलो. काकूंनी भाकरी खाल्ली की गोळी द्यायची, कारण उपाशीपोटी मळमळतं. या गोळीने एखाद्याच्या रक्तपेशी फुटतात, तेव्हा लघवी काळसर होते, म्हणून रोज तेही विचारावं लागे. पहिल्या दिवशी मी दोनदा खाकरून विचारलं. काकू म्हणाल्या, तुमच्या चहासारखी झाली की सांगीन. पाचव्या दिवशी त्यांनी मी विचारायच्या आधीच ओसरीवरून सांगितलं, "ब्येस हाय!" शेजारच्या बांधावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

ताप चौथ्या दिवसापासून आला नव्हता. पुण्याहून आलेला मुलगा रिकामी गाडी घेऊन परत गेला. सातव्या-आठव्या दिवशी काकू खाटेवर बसून फोमच्या जाळ्या सुट्या करून देऊ लागल्या. तात्या मात्र बोलत नव्हते. मी आलो की ते गोठ्यात जात, मी गेलो की येत. चहा येई, पण काकूंच्या सांगण्यावरून शेजारणीच्या हातून. तक्रार करायचा मला हक्क नव्हता.

दहाव्या दिवशी मी डबाभर गप्पी मासे घेऊन गेलो. घरामागच्या सिमेंटच्या टाकीत, स्वच्छ पाण्यात, अळ्या सापडल्या होत्या. पाण्याला समांतर पडून राहतात त्या, मलेरियाच्या डासाच्या. शेततळ्याच्या कडेच्या गवताखालीही होत्या. मी टाकीत मासे सोडत होतो तेव्हा मागं कुणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं. तात्या होते. टाकीतल्या माशांकडे बघत होते.

"एवढ्याशा माशांनी काय हुतंय?" ते म्हणाले.

मी सांगितलं, एक मासा दिवसाला पुष्कळ अळ्या खातो, आणि महिन्याभरात त्यांची पिल्लं होतात. तात्यांनी ते ऐकलं. मग खाली वाकले, डबा उचलला आणि उरलेले मासे घेऊन शेततळ्याकडे निघाले. चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाले, "या. तळ्याचं राहिलंय."

काठावर बसून आम्ही ते मासे सोडले. तात्यांनी मला विचारलं, पुण्याला नेली असती तर? मी म्हणालो, तिथं सापडलं असतं बहुतेक, पण तुम्ही सांगितलं असतंत की तपासलंय, आणि किती दिवस गेले असते कुणास ठाऊक. ते म्हणाले, मी झोपलो न्हाय तीन राती. मी रिकामा डबा तळ्यात विसळला. मग त्यांनी मला शेततळ्याचा कागद कुठं फाटला होता आणि तो कसा चिकटवला, ते सविस्तर दाखवलं.

चौदावी गोळी काकूंनी बागेत उभ्याउभ्या घेतली. एका हातात पिशव्यांची चळत, तोंडात पाणी. गिळून झाल्यावर जीभ काढून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी.

मी आजही त्याच वस्त्यांवर फिरतो. नमुने कमी पडतात त्या महिन्यात कमी दाखवतो, बोलणी खातो, घरी येऊन जेवतो. जेवण गोड लागतं. दोषाचं ओझं गेलंय असं नाही. कधी एखादा थेंब फिका दिसला की ते पुन्हा अंगावर येतं. पण त्याच्यासकट मी बरा आहे.

काकूंनी त्या वस्तीवर एक नियम करून टाकलाय. कुणाच्याही घरी मी बोट टोचलं की त्या घरची बाई माझ्यापुढं पाट ठेवते. काच वाळेपर्यंत बसायचं. चहा तोवर मिळत नाही. परवा एका नव्या सुनेने चहा आधी आणला, तर पेरूच्या ओळीतून काकूंचा आवाज आला, "आधी काच वाळू दे, मंग पाज त्यास्नी." सून गोंधळली आणि कप घेऊन तशीच उभी राहिली. मी पाटावर बसून राहिलो. ऊन चांगलं होतं. थेंब कडेकडेने वाळत आत येत होता, आणि चहा तिच्या हातात निवत होता.